टोकण यंत्र सकाळी नीट पेरतं, दुपारी नांग्या पाडतं

दर नोव्हेंबरात तेच. भाताची झोडणी उरकली, खाचरं वाफशावर, म्हणजे पेरणीजोग्या ओलीवर आली, रोटाव्हेटरची एक पाळी झाली, की मिनी ट्रॅक्टरला चार फणांचं टोकण यंत्र जोडायचं आणि हरभरा पेरायला घ्यायचा. पहिलं खाचर असं उतरतं की माती उकरून बघावं आणि बघतच राहावं, अर्ध्या वितीवर एकेक दाणा. तिसऱ्या-चौथ्या खाचरापासून मात्र गणित बिघडतं. ते त्याच दिवशी कळत नाही, ही खरी पंचाईत. आठवड्याने कोंब वर आले की ओळीत हात-हातभर मोकळ्या जागा, म्हणजे नांग्या, आणि मध्येच तीन रोपं एकमेकांच्या मानेवर. मग नांग्या भरायला आईची आणि काकूची कंबर.

मी राहतो घणसोलीला, नोकरी महापे इथल्या एका कारखान्यात, देखभाल खात्यात. शेत मुरबाड तालुक्यात, सरळगावच्या पुढे. शनिवारी पहाटे शीळफाट्याची कोंडी सुरू व्हायच्या आत निघालो तर दोन दिवस हाताशी मिळतात. त्यामुळे पेरणीचा एक शनिवार वाया गेला की माझा आठवडा गेला आणि जमिनीतली ओलही गेली. पहिल्या हंगामात यंत्र विकणाऱ्याला फोन केला, तर ‘बियाला पावडर लावा, दाणे सुटे सरकतील’ एवढंच उत्तर. कुठली, किती, कधी, ते त्यालाही सांगता येईना. दुसऱ्या हंगामात पावडर लावली आणि पेरणी आणखी बिघडली. तिसऱ्यात मात्र कारखान्यात पंप उघडतो तशा पद्धतीने यंत्राकडे बघितलं, आणि घोळ सापडला. आमच्या भागात असं यंत्र घेतलेल्या तिघा-चौघांनी हाच प्रश्न विचारला, म्हणून सगळं एकदा लिहून काढतोय.

पावडरीच्या डब्याआधी टेप काढा

आपल्याकडे भाड्याने किंवा अनुदानावर मिळणारी बहुतेक छोटी यंत्रं तिरक्या चकतीची असतात. पेटीच्या तळाशी चकती तिरकी बसवलेली असते, तिच्या कडेला खाचा. खालून जाताना प्रत्येक खाच एक दाणा उचलते, वर नेते आणि नळीत सोडते. वाटेत एक ब्रश जास्तीचे दाणे मागे झाडतो. चकतीला फिरवतं जमिनीवरचं चाक, चेन आणि स्प्रॉकेटमधून. म्हणजे नांगी पडायची कारणं चार-पाचच, आणि प्रत्येकाची खूण वेगळी.

नांग्या ठरावीक अंतराने येतात का, ते आधी मोजा. माझ्या चकतीला १२ खाचा आहेत आणि दाण्यातलं अंतर १० सेंटिमीटर. एकच खाच बुजली असेल तर त्या ओळीत दर १२० सेंटिमीटरला एक दाणा गळणार. टेपवर १२०, २४०, ३६० असं आलं की पावडरीचा विचार सोडा, ती चकती काढा आणि खाचेत अडकलेली डाळीची फोड टाचणीने उचका. चारही ओळींत एकाच जागी नांगी असेल तर तिथे चाक घसरलंय, बहुधा ढेकळावर नाहीतर ओल्या पट्ट्यात. एकच ओळ लांबवर कोरडी असेल तर नळीच्या तोंडात चिखल. आमच्या खाचरांत हे फार होतं. बांध जवळजवळ, वळणं पुष्कळ, आणि यंत्र मागे सरकवत खाली टेकवलं की फणाच्या नळीत माती घुसलीच. यंत्र टेकवताना ट्रॅक्टर पुढेच चालता हवा.

या तिन्हीपैकी काही नसेल, नांग्या चारही ओळींत पण वेड्यावाकड्या असतील, सोबत जोडदाणेही असतील आणि दिवस चढेल तसं हे वाढत असेल, तर दोष बी आणि चकती यांच्या मध्ये आहे. माझं दुखणं हेच होतं.

खात्री करायला ट्रॅक्टर लागत नाही. यंत्र दोन विटांवर उचलून ठेवा, नळ्यांखाली चार टोपल्या लावा आणि चाक हाताने फिरवा. माझ्या चाकाचा व्यास ४० सेंटिमीटर, म्हणजे एका फेऱ्याला साधारण १२६ सेंटिमीटर. आठ फेरे झाले की १० मीटर, आणि प्रत्येक टोपलीत १०० दाणे यायला हवेत. सकाळी सात वाजता माझ्या टोपल्यांत ९७, ९८, ९५, ९८ आले. दुपारी साडेबाराला त्याच बियाचे, त्याच चकत्यांचे ८१, ८८, ७८, ९०.

चुलत्यांचं, म्हणजे आबांचं म्हणणं, ‘ऊन तापलं की यंत्र पसरतं रं.’ पसरण्याचा मुद्दा अगदीच टाकाऊ नव्हता, पण दहा अंशांच्या फरकाने चकतीची खाच काही केसभरही वाढत नाही. म्हणून त्याच उन्हात चकत्या काढल्या, जुन्या टूथब्रशने खाचा घासल्या आणि परत बसवून आठ फेरे दिले. ९६, ९७, ९५, ९७. दोष वेळेचा नव्हता, साचण्याचा होता. रात्री चकत्या धुतल्या जायच्या म्हणून सकाळ चांगली जायची, एवढंच.

बियावर आधीच तीनशे ग्रॅम चूर्ण आहे

खाचांतून जे निघालं ते काळपट, वरून वाळलेलं, आतून बोटाला चिकटणारं. वास घेतल्यावर उलगडा झाला: गूळ.

हरभऱ्याची बीजप्रक्रिया आपण कशी करतो ते आठवा. किलोला ५ ग्रॅम ट्रायकोडर्मा, म्हणजे रोगाच्या बुरशीला रोखणारी उपयोगी बुरशी. मग १० किलोला २५० ग्रॅमचं रायझोबियमचं, म्हणजे मुळांवर नत्र बांधणाऱ्या जिवाणूंचं पाकीट, गुळाच्या पाण्यात कालवून. म्हणजे १० किलो दाण्यांना ३०० ग्रॅम चूर्ण फासलेलं, आणि ते धरून ठेवायला गूळ. सावलीत अर्धा तास सुकवा असं सांगतात, आणि आम्ही सुकवायचोही. पण गूळ हवेतला ओलावा ओढतो. नोव्हेंबरात मुरबाडला पहाटे दव असं पडतं की ट्रॅक्टरच्या सीटवर बसायची सोय नसते. अशा हवेत उघड्यावर ठेवलेलं बी वरून कोरडं दिसतं, आतून चिकट होतं. पेटीत दाणे एकमेकांवर घासतात, तो लेप थोडा थोडा सुटतो आणि खाचांच्या कोपऱ्यांत बसतो. खाच उथळ झाली की दाणा नीट आत बसत नाही, वर डोकं काढून राहतो आणि ब्रश त्याला झाडून टाकतो. ती नांगी. दुसरीकडे दोन दाणे एकमेकांना चिकटून जोडीने वर जातात. तेच जोडदाणे. ऊन चढलं की साचलेला लेप वाळून गिलाव्यासारखा घट्ट, मग तो आपण होऊन सुटायचं नावच नाही.

दुसऱ्या हंगामात पावडर लावूनही बिघडलं ते यामुळेच. अर्धवट ओल्या बियावर मी पेटीत वरून मूठ-मूठ पावडर टाकली. तळाशी जे झालं त्याला आमची ही पिठलं म्हणाली, आणि तिचं चुकलं नव्हतं. तीनशे ग्रॅम ओलसर असताना माझ्या तीस ग्रॅमची काय मात्रा चालणार?

म्हणून पावडरीच्याही आधीची दुरुस्ती. प्रक्रिया आदल्या दिवशी दुपारी करायची नाही, पेरणीच्या सकाळीच करायची, आणि लागेल तेवढ्याच बियाची. ३० बाय १० सेंटिमीटरवर ‘विजय’सारख्या मध्यम दाण्याच्या वाणाचं हेक्टरी ६५ ते ७० किलो बी लागतं, म्हणजे १० गुंठ्याच्या खाचराला साडेसहा-सात किलो. तेवढंच घ्या. गुळाचं पाणी पातळ आणि कमी. दाणा ओला झाला पाहिजे, भिजला नाही पाहिजे. पसरायचं ते पडवीत, गोणपाटावर, एका दाण्याच्या थराने. मूठ घट्ट आवळून सोडली की दाणे सुटे पडले पाहिजेत आणि तळहातावर काळं उमटता कामा नये. उमटलं तर आणखी थांबा. चहा प्या. द्रवरूप जिवाणू संवर्धक मिळत असेल तर ते घ्या, त्याचा थर पातळ बसतो आणि गुळाची भानगड राहत नाही. मी गेल्या वर्षीपासून तेच वापरतो.

शंखजिरे आणि ग्राफाइट

बी असं सुटं झालं की मग पावडर. अमेरिकेत मक्याच्या पेरणीला दोन गोष्टी सर्रास वापरतात: टाल्क, म्हणजे आपलं शंखजिरे, आणि ग्राफाइट. किंवा दोन्हींचं ८०:२० मिश्रण, टाल्क जास्त, ग्राफाइट कमी. दोघांची कामं निराळी आहेत आणि ती समजली तर प्रमाणाचा अंदाज आपोआप येतो.

शंखजिरे हे खनिजांत सगळ्यात मऊ, नखाने ओरखडा उठतो. ते दाण्यावरच्या चिकट लेपावर बसतं आणि दोन दाण्यांमध्ये कोरडा पडदा धरतं. म्हणजे ते मुख्यतः बियासाठी. ग्राफाइट हे कार्बनच, पत्त्यांच्या कॅटसारखे थरावर थर, एक दुसऱ्यावरून सरकणारे. ते चकती, पेटीचा तळ आणि ब्रश यांच्यावर काळी झिलई चढवतं. म्हणजे ते यंत्रासाठी. शिवाय त्यातून वीज वाहते, त्यामुळे प्लास्टिकच्या पेटीत कोरड्या वाऱ्यात दाणे भिंतीला चिकटतात तो प्रकारही कमी होतो.

इथे देखभाल खात्यातल्या माणसाला एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. ग्राफाइटचे थर नीट सरकायला हवेत थोडी वाफ लागते. दुसऱ्या महायुद्धात फार उंचावर उडणाऱ्या विमानांच्या जनरेटरमधले कार्बन ब्रश बघता बघता झिजून जायचे, कारण त्या उंचीवर हवेत ओलावाच नसतो. ठाणे जिल्ह्यात ती चिंता नाही. आपल्या दमट हवेला नावं ठेवतो, पण ग्राफाइटला ती मानवते.

माझ्या यंत्राला जमलेलं प्रमाण: १० किलो हरभऱ्याला २४ ग्रॅम शंखजिरे आणि ६ ग्रॅम ग्राफाइट, आधी एकत्र कालवून. तुमच्या चकतीला हे थोडं इकडे-तिकडे होईल, टोपल्यांची चाचणी करून ठरवा. वाढवत नेण्याचा मोह टाळा. हवेच्या यंत्रात दाणा ओढून धरलेला असतो, आपल्या तिरक्या चकतीत तो नुसता टेकलेला असतो. जास्त गुळगुळीत झाला की वर चढताना खाचेतून घरंगळतो आणि पुन्हा नांग्याच, फक्त कारण उलटं. एकदा मी दुप्पट टाकून पाहिलं, टोपलीतला आकडा ९७ वरून ९० वर आला.

आता सगळ्यात जास्त लोक चुकतात ती जागा. पावडर पेटीत वरून भुरभुरायची नाही. ट्रॅक्टरच्या थरथरीने बारीक चूर्ण दाण्यांतून झरत तळाला जातं. सुरुवातीच्या दाण्यांना पावडरीचा अभिषेक, शेवटच्यांना काहीच नाही. घमेल्यात एका वेळी पाच किलो बी घ्या, निम्मी पावडर टाका, हाताने खालून वर असं चार-पाचदा परता, उरलेली टाका, परत परता. पोह्याचा चिवडा कालवतो तसं. चोळायचं नाही, नाहीतर जिवाणूंचा लेप निघून येईल. पेटी प्रत्येक वेळी भरताना असं कालवलेलंच बी भरायचं. हंगामाच्या पहिल्या दिवशी मी कोऱ्या फडक्याने चिमूटभर ग्राफाइट चकतीच्या दोन्ही बाजूंना आणि पेटीच्या तळाला घासून घेतो. त्यानंतरचे पहिले आठ फेरे धरत नाही, चकती बसायला तेवढे लागतात.

ग्राफाइट घेताना ‘बारीक, कोरडी, तेल नसलेली’ असं ठणकावून सांगा. औद्योगिक रसायनं विकणाऱ्या दुकानात किलोवर मिळते. मी ठाण्याला वागळे इस्टेटमधून आणली. कुलपात घालायच्या ग्राफाइटची छोटी नळी महाग पडते आणि ग्राफाइट ग्रीस तर चुकूनही नको. शंखजिरे रबराच्या आणि रंगाच्या धंद्यात लागतं, तिथे सोपस्टोन म्हणून मागितलं की लगेच देतात. दोन्ही पावडरी हाताळताना तोंडाला मास्क हवा. बियाला बुरशीनाशक लावलेलं असेल तर हातमोजेही. आणि ग्राफाइट ओट्यावर सांडू देऊ नका. सांडलं तर त्यावरून चालणाऱ्याचं काय होतं ते मी स्वतः पडून पाहिलंय.

घरातल्या डब्यांतून येणारे सल्ले

भाचा म्हणाला, ‘मामा, कॅरमची पावडर टाक ना, सोंगट्या काय सुटतात!’ सुटतात खऱ्या, पण कॅरमची पावडर बऱ्याचदा बोरिक अ‍ॅसिड असते. बोरॉन पिकाला सूक्ष्म मात्रेत लागतं, कोंबाला चिकटून एवढं मिळालं तर तो भाजतो. कडधान्यं त्यात जास्तच नाजूक.

रांगोळी तर अजिबात नको. ती दळलेला दगड आहे, चकतीच्या खाचा घासून मोठ्या करेल. मग जोडदाणे कायमचे. आबांनी राख सुचवली. साठवणीत कडधान्याला राख लावतात ते ठीक, पण भाताच्या तुसाची राख म्हणजे बहुतांश सिलिका, रांगोळीइतकीच खरखरीत. आणि राखेचा खार रायझोबियमला सोसत नाही. बाळाची पावडर बऱ्याच कंपन्या आता मक्याच्या स्टार्चची करतात, ती दवात लागली की खळ तयार. तेलाचा थेंबही नको, तेलावर धूळ बसते आणि चकती चिखलाची होते.

हवेच्या यंत्रवाल्यांनी

शहापूरकडे भेंडीला आणि मधुमक्याला हवेच्या दाबावरची यंत्रं भाड्याने येतात, त्यांच्यासाठी थोडकं. तिथे दाणा चकतीच्या भोकावर पंख्याच्या ओढीने चिकटून राहतो, म्हणून शंखजिरे थोडं जास्त चालतं. पण पंखा ती धूळ बाहेर फेकतो, आणि बियाला कीटकनाशक लावलेलं असेल तर तेही तिच्याबरोबर उडतं. २००८ च्या वसंतात जर्मनीत ऱ्हाईनच्या खोऱ्यात मक्याच्या बियावरचा क्लोथियानिडिन या कीटकनाशकाचा लेप असाच सुटून उडाला आणि हजारो मधमाश्यांच्या वसाहती बाधित झाल्या. कॅनडाने २०१४ पासून निओनिकोटिनॉइड, म्हणजे त्याच गटातलं कीटकनाशक लावलेल्या मका-सोयाबीनला साधं टाल्क-ग्राफाइट बंद करून, कमी धूळ उडवणारी मेणाची भुकटी सक्तीची केली. आपल्याकडे शेजारच्या वावरात काकडी, कारली फुलावर असतात आणि त्यांना माशा हव्याच असतात. त्यामुळे पोत्याच्या तळाशी राहिलेली धूळ पेटीत झटकू नका, वारा पडलेला असताना पेरा आणि पंख्याचं तोंड फुललेल्या पिकाकडे ठेवू नका. दाणे मोजणारे सेन्सर असतील तर दर पेटीला कोरड्या फडक्याने पुसा, आणि त्यांच्या वायरींच्या जोडाजवळ ग्राफाइट जाऊ देऊ नका.

संध्याकाळचं काम

पेटी रिकामी करा, चकत्या काढा, कोरड्या ब्रशने झाडा. गुळाचं काही चिकटलं असेल तर कोमट पाण्याने पुसून रात्रभर सुकू द्या. ब्रशचे केस वाकले असतील तर बदला. तो स्वस्त आहे आणि सगळ्यांत दुर्लक्षित. उरलेलं प्रक्रिया केलेलं बी गुरांना नाही आणि डाळीला तर नाहीच.

या हंगामात दुपारच्या आठ फेऱ्यांना ९५, ९७, ९६ आले आणि चौथ्या टोपलीत ८८. ते ८८ पावडरीने काही हलेना. चकती काढून खाचा मोजल्या तर एकीची कड तुटलेली होती. टेपवर बरोबर १२० सेंटिमीटर आलं असतं, पण मी आधी पावडरच वाढवत बसलो होतो.

वालाचं मात्र अजून जुळलेलं नाही. दाणा चपटा, कधी आडवा बसतो, कधी कडेवर उभा, आणि हरभऱ्याच्या चकतीत तो पावडर लावून काय, लोणी लावून बसणार नाही. मुरबाडच्या एका टर्नरकडे लांबट खाचांची कोरी चकती कापायला दिली आहे. ती येईपर्यंत वाल हातानेच टोकतोय.